श्वानांतील केशपतन व कंडू : तेल देण्यापूर्वी निदान

प्रास्ताविक

आपल्या जालना जिल्ह्यात 'लूत' हा एकच शब्द श्वानाच्या त्वचेच्या सर्व विकारांसाठी वापरला जातो. केस गेले तरी लूत, अंग खाजविले तरी लूत, कातडी काळवंडून जाड झाली तरी लूतच. व्याधीचे नाव एक ठरले की औषधही एकच ठरते. कोणी राकेल चोळतो, कोणी इंजिनातून काढलेले काळे ऑइल फासतो, तर कोणी गावातील वैद्याकडून 'खाजेचे तेल' मागून नेतो. मळ्यातील राखणीचे कुत्रे असो, धनगरवाड्यावरील मेंढरांमागचे असो अथवा शहरातील बंगल्यात हौसेने पाळलेले लॅब्रॅडॉर असो, मालकाचा प्रश्न सारखाच असतो : "डॉक्टरसाहेब, कुत्र्याला लावायला काही आहे का?"

आपण मनुष्याचे चिकित्सक आहोत, पशूंचे नव्हे. तरीही हा प्रश्न आपल्यापर्यंत येतोच, कारण खेड्यात वैद्य हाताशी असतो व पशुवैद्यकीय दवाखाना बहुधा काही कोस दूर असतो. म्हणून श्वानाच्या त्वचाविकारांची किमान ओळख प्रत्येक वैद्यास असणे अगत्याचे आहे. ही ओळख श्वानावर औषध चालविण्यासाठी नव्हे. योग्य सल्ला देण्यासाठी, अपाय टाळण्यासाठी आणि त्याच घरातील रुग्णांचे निदान न चुकण्यासाठी हवी.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात अंबड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावाहून एक कुटुंब माझ्याकडे आले. आई, आजी व दोन मुले अशा चौघांनाही अंगभर कंडू होता. मी पामा असे निदान करून गंधक रसायन व बाह्योपचारार्थ करंज तेल दिले. पंधरा दिवसांनी थोडा उपशय मिळाला, परंतु पुढील महिन्यात तीच मंडळी त्याच तक्रारीसह परत आली. औषध वाढविले, पथ्य कडक केले. तिसऱ्या खेपेस धाकट्या मुलाचे हात नीट पाहिले, तेव्हा ध्यानात आले की बोटांच्या बेचक्यांत काहीच नाही. पुरळ आहे ते कोपरापर्यंतच्या हातावर, पोटावर व मांड्यांवर. घरात जनावर कोणते, असे विचारताच आजी म्हणाली, "कुत्र्याचं पिल्लू हाय साहेब. लूत भरली त्याला, म्हून तर थंडीचं पोरांच्या गोधडीत घेतलं."

दोन महिने मी ज्या व्याधीची चिकित्सा करीत होतो, तिचे मूळ त्या गोधडीत होते. पिल्लाला पशुवैद्यकांकडे पाठविले, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढविल्या व मुलांना निराळे निजविण्यास सांगितले. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत चौघांचाही कंडू शमला. औषधाने जे साधले नव्हते, ते केवळ हेतूचा परिहार केल्याने साधले.

शास्त्राचा आधार

पशुचिकित्सेची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. गजचिकित्सेसाठी पालकाप्याचा व अश्वचिकित्सेसाठी शालिहोत्राचा आधार घेतला जातो. कल्याणीचा चालुक्य नृपती सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात श्वानांच्या शिकारी क्रीडेसाठी 'सारमेयविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि श्वानाच्या त्वचारोगांपुरते बोलावयाचे तर आपणास बृहत्त्रयीतील सामान्य सिद्धांतांवरच विसंबावे लागते, आणि ते सिद्धांत येथे पुरेसे मार्गदर्शक ठरतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वर्णन आहे. तेथे शोणितज कृमींमध्ये केशाद, लोमाद अशी नावे आली असून केस, रोम व पापण्यांचा नाश हे त्यांचे कार्य सांगितले आहे. त्यांतील काही इतके सूक्ष्म असतात की दृष्टीस पडत नाहीत, हेही तेथे नमूद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या आजच्या खरजेच्या किड्याशी यांची तंतोतंत एकरूपता मानणे घाईचे होईल. परंतु न दिसणारा जीव केस नष्ट करू शकतो, ही दृष्टी तेथे निश्चितपणे आहे. सुश्रुताने निदानस्थानात संसर्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या औपसर्गिक रोगांत कुष्ठाची गणना केली आहे व अंगस्पर्श, एकत्र शयन यांसारखी कारणे दिली आहेत. इंद्रलुप्ताच्या संप्राप्तीत त्याने प्रथम वातपित्ताने रोम गळणे व नंतर कफरक्ताने रोमकूप रुद्ध होणे असा क्रम सांगितला आहे. म्हणजेच केस गळण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, हे आपल्या शास्त्राने मानलेलेच आहे. मग श्वानाच्या बाबतीत आपण सर्वांस 'लूत' म्हणून एकच तेल का द्यावे?

श्वानाची त्वचा निराळी आहे

मनुष्याच्या त्वचेचा अनुभव जसाच्या तसा श्वानास लागू पडत नाही. श्वानाची बाह्यत्वचा मनुष्यापेक्षा पातळ असते. मनुष्याची त्वचा किंचित आम्ल, तर श्वानाची त्वचा उदासीनाच्या जवळ जाणारी असते. त्यामुळे आपल्या अंगाचा अथवा कपड्यांचा साबण तिला मानवत नाही. श्वानास घाम येतो तो मुख्यत्वे पंजांच्या गाद्यांना. उष्णतेचे नियमन तो धापा टाकून करतो. अंगभर जाड तेलाचा थर देऊन त्यास मे महिन्याच्या उन्हात बांधून ठेवणे म्हणूनच घातक आहे.

सर्वांत महत्त्वाचा भेद असा की श्वान स्वतःचे अंग चाटतो. मनुष्यासाठी जे बाह्य औषध आहे, ते श्वानासाठी काही वेळातच आभ्यंतर औषध होते. प्रस्तुत लेखातील ही एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी लेखाचे प्रयोजन सफल झाले असे मी समजेन.

विचारावयाचे तीन प्रश्न

१. आधी खाज सुरू झाली की आधी केस गेले? खाज आधी व केस नंतर गेले असल्यास कृमी, पिसवा, असात्म्यता (अ‍ॅलर्जी) अथवा जंतुसंसर्ग यांचा विचार करावा. खाज नसता केस गेले असल्यास डेमोडेक्स, दद्रू अथवा अंतःस्रावी ग्रंथींचे विकार संभवतात. मात्र यांपैकी पहिल्या दोहोंतही पुढे जंतुसंसर्ग झाला की खाज सुरू होते, म्हणून प्रारंभ कसा झाला हेच विचारावे.

२. केस कोठले गेले? कानांच्या कडा, कोपरे व पोट यांवरून खरूज सुचते. कमरेचा मागील भाग व शेपटीचे मूळ यांवरून पिसवा सुचतात. डोळे व ओठांभोवती आणि पुढील पायांवरील चट्टे डेमोडेक्स दर्शवितात. दोन्ही कुशींवर सारख्याच आकाराने केस विरळ होणे हे ग्रंथींच्या विकाराचे चिन्ह होय.

३. घरात आणखी कोणास खाज अथवा चट्टे आहेत काय? दुसरे कुत्रे, मांजर आणि मुख्यतः घरातील माणसे यांची चौकशी करावी.

प्रमुख विकारांची ओळख

*खरूज (सार्कोप्टिक मेंज).* खरी 'लूत' हीच. सार्कोप्टेस जातीचा सूक्ष्म किडा त्वचेत बिळे करून अंडी घालतो. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा क्रम सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. कंडू अतितीव्र असतो, श्वानास झोप लागत नाही. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली असता श्वान मागील पाय खाजविल्याप्रमाणे हलवितो, ही खूण पुष्कळ वेळा आढळते. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी किडा अनेकदा सापडत नाही. म्हणून तपासणीत काही न मिळाल्याने खरूज नाही असे ठरत नाही.

*डेमोडेक्स.* हा किडा रोमकूपात राहतो व निरोगी श्वानाच्या अंगावरही अल्प प्रमाणात असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो मातेकडून पिल्लास मिळतो. पिल्लाचे व्याधिक्षमत्व दुर्बल असल्यास त्याची संख्या वाढते व केसांचे चट्टे जातात. एखाददुसरा चट्टा पुष्कळदा आपोआप भरून येतो. सर्वांगावर पसरलेला विकार मात्र गंभीर असतो. तो मनुष्यास लागत नाही. प्रौढ श्वानात तो नव्याने उद्भवला तर पाठीमागे दुसरा एखादा आंतरिक रोग आहे काय, हे पाहावे लागते. खाज थांबविण्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडने हा विकार बळावतो. औषधाच्या दुकानातून सहज मिळणारी मिश्र मलमे म्हणूनच येथे अपथ्यकर होत.

*दद्रू (बुरशीचा संसर्ग).* वर्तुळाकार चट्टे, तुटके केस, कोंडा आणि अल्प अथवा नगण्य खाज ही लक्षणे होत. हा विकार मुलांना त्वरित लागतो. केसांची बुरशी-तपासणी करावी लागते व तिला दोन ते तीन आठवडेही लागू शकतात. चिकित्सा दीर्घकाळ चालते. केस उगवू लागले म्हणून औषध थांबविणे चूक होय.

*पिसवा व गोचिड.* पिसवांच्या लाळेची असात्म्यता असलेल्या श्वानास थोड्या दंशांनीही प्रचंड खाज सुटते. केसांतील काळे कण ओल्या कापसावर ठेवावेत; तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. पिसवांची अंडी, अळ्या व कोष यांचा मोठा भाग श्वानाच्या अंगावर नसून जमिनीच्या भेगांत व अंथरुणात असतो. गोचिडही भिंतींच्या फटींत अंडी घालतात. गोचिडांमुळे एर्लिकिया व बॅबेशिया यांचे रक्तरोग होतात. ज्वर, पांढुरक्या हिरड्या अथवा नाकातून रक्त येत असल्यास त्वचेचा विचार बाजूस ठेवून श्वानास त्वरित दवाखान्यात न्यावे.

*ग्रंथींचे विकार.* खाज नाही, अंग जड झाले, श्वान सुस्त झाला, शेपटीचे केस गेले, तर थायरॉइडची न्यूनता संभवते. पोट सुटले, तहान व लघवी फार वाढली, कातडी पातळ झाली, तर अधिवृक्क ग्रंथीचा अतिस्राव अथवा दीर्घकाळ दिलेल्या स्टिरॉइडचा परिणाम समजावा. येथे कोणत्याही तेलाचा उपयोग नाही. रक्ततपासणी आवश्यक असते.

*स्वाभाविक केशपतन.* ऋतुबदलात केस झडणे तसेच विण्यानंतर काही आठवड्यांनी मादीचे केस विरळ होणे स्वाभाविक आहे. त्वचा स्वच्छ व खाजरहित असेल तर औषधाची घाई करू नये. केवळ भाकरी व ताकावर पोसलेल्या श्वानाचे केस निस्तेज राहतात, कारण केस प्रथिनांचेच बनलेले असतात. अशा वेळी उकडलेले अंडे अथवा मांस आहारात घालण्यास सांगावे.

मनुष्यातील बाधा कशी ओळखावी

हा भाग सर्वस्वी आपल्या अधिकारातील आहे. मनुष्याची स्वतःची खरूज प्रथमच झाली असता संसर्गानंतर काही आठवड्यांनी लक्षणे देते, रात्री वाढते आणि बोटांच्या बेचक्या, मनगटे, बेंबीचा भोवताल व गुह्यांग येथे आढळते. श्वानापासून आलेली खरूज मात्र काही तासांत वा दिवसांत प्रकटते आणि जेथे श्वानाचा स्पर्श होतो तेथे, म्हणजे हात, पोट, छाती व मांड्यांवर दिसते. श्वानाचा किडा मनुष्याच्या त्वचेत आपला जीवनक्रम पूर्ण करू शकत नाही. त्यामुळे संपर्क तुटताच कंडू बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप शमतो. संपर्क चालू असेल तर मात्र रोज नवी बाधा होत राहते आणि वैद्य औषधे बदलत बसतो, जसा मी बसलो होतो. म्हणून पामा, दद्रू अथवा वारंवार उठणाऱ्या पुरळाच्या प्रत्येक रुग्णास "घरी कुत्रे-मांजर आहे काय, व त्याचे केस गेले आहेत काय?" हा प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा.

चिकित्सासूत्र

चरकोक्त अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन ही कृमिचिकित्सेची त्रिसूत्री येथे चपखल लागू पडते.

अपकर्षण म्हणजे कृमी काढून टाकणे. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. गोचिड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर राकेल ओतू नये, हाताने चिरडू नये.

प्रकृतिविघात म्हणजे कृमींस प्रतिकूल औषध. हे पशुवैद्यकाचे काम आहे. आयसोक्साझोलिन गटातील गोळ्या आज उपलब्ध असून खरूज, डेमोडेक्स, पिसवा व गोचिड या सर्वांवर त्या परिणामकारक आहेत. तथापि वजन, वय व झटक्यांचा पूर्वेतिहास पाहूनच त्या दिल्या जातात. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कोणाकडूनही टोचून घेऊ नये. कोली व तत्सम जातींच्या काही श्वानांत जन्मजात दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक ठरते. आपल्या परिचयाच्या गंधकाचे चुन्यासह केलेले द्रावण पशुवैद्यकातही खरूज व दद्रू यांवर पूर्वापार वापरले जाते, परंतु तेही ठराविक प्रमाणात पातळ करून आणि चाटण्यास प्रतिबंध करून.

निदानपरिवर्जन हे मालकाने करावयाचे. अंथरूण उकळत्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावे, भिंतींच्या फटी बुजवाव्यात आणि घरातील सर्व श्वानांवर एकाच वेळी उपचार करावेत. बरे होईपर्यंत मुलांना श्वानाजवळ निजू देऊ नये. या सूत्राचा प्रचार आपण निःशंकपणे करू शकतो.

वर्ज्य गोष्टी

येथे एक कबुली देणे कर्तव्य समजतो. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एका शेजाऱ्याने कुत्र्यासाठी औषध मागितले आणि मी मरिच्यादि तेलाची बाटली विचार न करता दिली. त्या कल्पात हरताळ, मनःशिला व वत्सनाभ आहेत, हे मला पाठ होते. कुत्रे अंग चाटते हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकत्र जोडण्याचे तेवढे राहिले. रात्री त्या कुत्र्यास वारंवार उलट्या होऊ लागल्या, त्यास धड उभे राहवेना. पशुवैद्यकांच्या तत्परतेने ते वाचले. दोष औषधाचा नव्हता, माझा होता. तेव्हापासून पुढील गोष्टी मी निक्षून सांगतो :

१. पारद, सोमल, हरताळ, मनःशिला, वत्सनाभ, बिब्बा अथवा कापूर असलेले कोणतेही तेल, मलम वा रसकल्प श्वानाच्या अंगास लावू नये.

२. कडुनिंबाचे व करंजाचे तेल घट्ट स्वरूपात सर्वांगास चोपडू नये. ते पोटात गेल्यास विषार होऊ शकतो.

३. लसूण व कांदा यांनी श्वानाच्या रक्तपेशी फुटून पांडुता येते. द्राक्षे व मनुका यांनी वृक्कांस इजा होते. लसणाचे तेल, द्राक्षासव व द्राक्षारिष्ट म्हणूनच वर्ज्य होत.

४. राकेल, फिनेल व काळे ऑइल यांनी त्वचा भाजते आणि चाटण्यातून विषबाधा होते.

५. कपाशीवर फवारावयाचे कीटकनाशक पाण्यात मिसळून कुत्र्यास धुणे म्हणजे विषप्रयोगच. लाळ गळणे, थरथर, बाहुल्या बारीक होणे, झटके ही लक्षणे दिसताच धुणाऱ्याने हातमोजे घालून श्वानाचे अंग साबणपाण्याने धुवावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

कंडूने त्रस्त श्वान चावू शकतो, हेही विसरू नये. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, तेल काहीही न लावता रुग्णास रेबीज प्रतिबंधक लसीसाठी त्याच दिवशी पाठवावे. अलर्कविषाचे गांभीर्य सुश्रुताने कल्पस्थानात वर्णिलेले आहेच. व्याधी प्रकट झाल्यावर तो बहुधा प्राणच घेतो.

मर्यादा व कर्तव्य

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मधील कलम ३० अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. आपली पदवी व नोंदणी मनुष्यचिकित्सेपुरती आहे. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणचा पशुवैद्यकीय दवाखाना व विशेष तपासणीसाठी परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय, हा मार्ग रुग्णाच्या नातेवाइकांस दाखविणे हेच आपले कर्तव्य होय. प्रत्येक वैद्याने आपल्या भागातील पशुवैद्यकांशी परिचय ठेवावा. एकाच गोधडीवर निजणाऱ्या मुलाची व पिल्लाची चिकित्सा दोघांनी मिळून केली तरच ती पूर्ण होते.

समारोप

सारांश, श्वानाचे केस गळणे हा रोग नसून ते लक्षण आहे. खाज आधी की केस आधी, केस कोठले गेले आणि घरात आणखी कोणास त्रास आहे, एवढे तीन प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. ते विचारल्यावाचून दिलेली तेलाची बाटली मुक्या जिवास अपाय करू शकते व आपल्या रुग्णाची व्याधी लांबवू शकते. पुढच्या वेळी कोणी "कुत्र्याला लावायला काही आहे का?" असे विचारील, तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी औषधाच्या कपाटाकडे वळण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.